कोणते राजाराम?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. बारावीचा निकाल लागून गेलेला, पावसाने नुकताच जोर धरलेला, आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या कागदपत्रांची फाईल पसरलेली. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराच्या फोटोंचे पाकीट असे सगळे एकेक करून ती मोबाइलवर चढवीत होती. मी ओट्याशी चपात्या लाटत होते. महाविद्यालयाच्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि मान वर न करताच तिने विचारले, "मावशी, राजाराम कॉलेज म्हणजे कोणते राजाराम गं?" मी लाटणे न थांबवता सांगितले, "शाहू महाराजांचे चिरंजीव." तिचे समाधान झाले. तिने पुढचा रकाना भरला, मी पुढची चपाती तव्यावर टाकली, आणि बाहेर पत्र्यावर पावसाचा आवाज चालू राहिला.

उत्तर चुकीचे होते.

हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या या महाविद्यालयात शिकले, ते १८८२ च्या सुमारास. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज जन्मले १८९७ मध्ये. जो मुलगा अजून जन्मलाच नव्हता, त्याचे नाव महाविद्यालयाला मिळणे शक्य नव्हते. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम महाराज, ज्यांच्या पश्चात ताराबाईंनी राज्य सावरले आणि करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी उभी राहिली, तेही हे नव्हेत. मधले एक राजाराम उरत होते आणि त्यांच्याविषयी मला जवळजवळ काहीच सांगता आले नसते. ज्या महाविद्यालयात मी तीन वर्षे काढली, ज्याचे नाव प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली लिहिले, त्याच्या नावातला माणूस कोण हे मी कधी विचारलेच नव्हते. भाचीने अर्ज भरतानाच विचारले.

आमच्या घरात हा प्रश्न कधी निघाला नाही, याला एक कारण आहे. माझे आजोबा १९४३ मध्ये शिरोळ तालुक्यातील आमच्या गावाहून कोल्हापूरला शिकायला आले. ते 'राजाराम कॉलेज' असे पूर्ण नाव कधी घेत नसत. नुसते 'कॉलेज' म्हणत. "मी कॉलेजात होतो तेव्हा" म्हटले की ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ सुचू नये, इतका तो शब्द त्या एका वास्तूने व्यापलेला होता. शिवाय त्यांचे सारे बालपण ज्या राजाच्या अमलात गेले, तेही राजाराम महाराजच, १९२२ ते १९४० गादीवर असलेले. संस्थानात राजाचे नाव आणि महाविद्यालयाचे नाव एकच असेल, तर त्यात विचारण्यासारखे काय आहे? माझे चुकीचे उत्तर बहुधा तिथूनच, त्या पिढीच्या गृहीतातून, माझ्यापर्यंत झिरपत आले होते.

नंतरच्या काही दिवसांत मी या मधल्या राजारामांच्या मागे लागले. ते १८५० मध्ये जन्मले. १८६६ मध्ये सोळाव्या वर्षी दत्तक होऊन गादीवर आले. इंग्रजी शिकले, आणि १८७० च्या मे महिन्यात युरोपच्या प्रवासाला निघाले. समुद्र ओलांडणे हेच ज्या काळात धर्मसंकट होते, त्या काळात एका मराठी छत्रपतीने विलायतेला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी ठेवली होती. त्यांच्याबरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ मध्ये लंडनहून छापून आणली. त्या नोंदी वाचताना आपण राजाचे नव्हे, तर एखाद्या नीटनेटक्या विद्यार्थ्याचे टिपण वाचतो आहोत असे मला वाटत राहिले. आज कुठे गेलो, काय पाहिले, कोण भेटले, हे छोट्या, सरळ वाक्यांत येते. परकी भाषा आपण बरोबर लिहितो आहोत ना, अशी दक्षता वाक्यावाक्यात जाणवते. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, इंग्लंड पाहून झाले, आणि परतीच्या वाटेवर इटलीत, फ्लॉरेन्स शहरी, प्रकृती ढासळून ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले. वय वीस.

तिथे दहनाची चाल नव्हती. तरीही खटपट करून परवानगी मिळवण्यात आली आणि शहराबाहेरच्या उद्यानाच्या टोकाला, जिथे आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते, त्या संगमावर रात्रीच्या अंधारात त्यांना अग्नी देण्यात आला. संगमावर दहन व्हावे ही आपल्याकडची रीत. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत, त्या घाटापासून हजारो मैलांवर, ज्या नद्यांची नावे त्या मंडळींना धड उच्चारता येत नसतील, अशा दोन नद्यांमध्ये त्यांनी आपला संगम शोधला. पुढे तिथे छत्री बांधली गेली. तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि अलीकडच्या काळात जवळच बांधलेल्या मोठ्या पुलाला त्या शहराचे लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. म्हणजे फ्लॉरेन्समधल्या कुणा रिक्षावाल्याला तो पूल कुणाच्या नावाचा आहे हे कदाचित सांगता येईल. मला माझ्या महाविद्यालयाविषयी ते सांगता आले नाही.

छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टाउन हॉल, आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तो थोरला दवाखाना, नवा राजवाडा, सगळ्यांवर त्यांचा हात आहे. भवानी मंडपाला लागून असलेली हायस्कुलाची काळ्या दगडाची इमारतही त्यांचीच. आपण तिला 'मेन राजाराम' म्हणतो. फ्लॉरेन्सची छत्री आणि मेन राजारामच्या कमानी एकाच माणसाच्या हातच्या आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी तोच विशीतला तरुण आहे, हे कळल्यावर त्या इमारतीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. लहानपणी अंबाबाईच्या दर्शनाहून येताना आम्ही तिच्या सावलीत उसाचा रस पीत असू. दगडावर हात ठेवला की भर उन्हातही तो गार लागे. याच हायस्कुलाला जोडून १८८० मध्ये महाविद्यालयाचा वर्ग निघाला. कारभार तेव्हा इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली होता आणि गादीवरचे चौथे शिवाजी महाराज अजून अज्ञान होते. मुंबई आणि पुणे सोडून दक्षिणेकडच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर जवळची सोय नव्हती, ती या एका वर्गाने झाली.

सोय झाली, पण अपुरी. गोखल्यांचे उदाहरण मला यासाठीच पुन्हापुन्हा आठवते. वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले, आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला धाकट्या भावाकडे पाठवू लागले. त्या आठ रुपयांत मॅट्रिक झाले, राजाराम कॉलेजात नाव दाखल झाले. पण महाविद्यालयात पुढच्या सगळ्या परीक्षांचे शिक्षण अजून मिळत नव्हते. म्हणून पुण्याला डेक्कन कॉलेजात जावे लागले, आणि अखेर १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून ते बी.ए. झाले. चरित्रात ही तीन नावे एका ओळीत येतात आणि आपण ती सहज वाचून पुढे जातो. पण कागलच्या त्या घरात, उरलेल्या सात रुपयांत संसार करणाऱ्या नवराबायकोने, "कोल्हापुरात होत नाही, पुण्याला जावे लागेल" हे वाक्य ऐकले असेल तेव्हा काय केले असेल? गावाजवळच्या महाविद्यालयात एखादा वर्ग असणे आणि नसणे यातले अंतर अशा घरांना जेवढे कळते, तेवढे दुसऱ्या कुणाला कळत नाही. १९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले आणि ते फेटाळले गेले, आणि तशीच सक्ती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात आणली. या दोन गोष्टी मी इतिहासाच्या पेपरात वेगवेगळ्या प्रश्नांखाली लिहिल्या होत्या. त्यांच्यामध्ये कागल-कोल्हापूर ही एवढीशी वाट आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही.

शाहू महाराजांनी महाविद्यालय बांधले नाही, पण महाविद्यालयाच्या दारापर्यंत येण्याचे रस्ते बांधले, असे मला वाटते. खेड्यातल्या मुलाने शहरात राहायचे कुठे, जेवायचे कुठे आणि कुणाच्या पंक्तीला, हा प्रश्न फीपेक्षा मोठा होता. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे निघत गेली. आज दसरा चौकातून जाताना यातल्या काही पाट्या दिसतात. सिग्नल सुटण्याची वाट पाहणारी माणसे त्यांच्याकडे पाहत नाहीत, मीही पाहत नसे. त्याच काळात, महाराजांचे धर्मविधी वेदोक्त मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिल्याचे, वेदोक्त प्रकरण घडले, राज्यातल्या विद्येवर एकाच जातीची मक्तेदारी का, हा सवाल उभा राहिला, आणि १९१९ मध्ये महाराजांनी राजाराम हायस्कूल व कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले. त्यातून डॉ. बाळकृष्ण कोल्हापूरला आले. ते मूळचे मुलतानकडचे पंजाबी, आधी गुरुकुल कांगडीत काम केलेले, लंडनच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले अर्थशास्त्राचे अभ्यासक. १९२२ मध्ये ते प्राचार्य झाले. महाविद्यालय पुढे पुन्हा दरबाराकडे आले, तरी १९४० मध्ये निधन होईपर्यंत ते इथेच राहिले, आणि या पंजाबी माणसाने शिवछत्रपतींचे चार खंडांचे इंग्रजी चरित्र कोल्हापुरात बसून लिहिले. कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे, ही कल्पनाही त्यांनी फार आधी बोलून दाखवली होती. परक्या मुलखातून येऊन एखाद्या गावाचे इतके होऊन जाणारे शिक्षक ज्या महाविद्यालयाला मिळतात, त्याचे भाग्य थोर म्हटले पाहिजे. त्यांच्याच काळात माधव जूलियन इथे शिकवीत होते, ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवीत होते. सविनय कायदेभंगात तुरुंगवास भोगून आलेला, कराडहून १९३४ साली मॅट्रिक झालेला एक मुलगाही याच वर्गांत बसत होता आणि १९३८ मध्ये बी.ए. झाला. त्याचे नाव यशवंत बळवंत चव्हाण.

माझ्या आजोबांचे नाव कोणत्याही यादीत नाही.

ते जयसिंगपूरहून रेल्वेने आले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी आणि आईने बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते. जैन बोर्डिंगात जागा मिळाली. महाविद्यालयात दुसरी भाषा कोणती घेणार, असे विचारल्यावर त्यांनी अर्धमागधी घेतली. संस्कृत न शिकलेल्या खेड्यातल्या मुलांना हा एक मार्ग असे, आणि गुण बरे पडतात अशी त्या विषयाची ख्याती होती. निवड इतक्याच व्यवहाराने झाली. पण शिकवायला होते डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. चिकोडी भागातल्या सदलग्याचे, म्हणजे आमच्या गावापासून फार लांबचे नव्हेत. १९३० पासून १९६२ पर्यंत ते राजाराममध्ये होते, आणि या बत्तीस वर्षांत प्राकृत हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध करून त्यांनी जगभरच्या अभ्यासकांना कोल्हापूरचा पत्ता ओळखीचा करून दिला. आजोबांना यातले तेव्हा काही ठाऊक नव्हते. त्यांना आठवत असे तो एक तास.

लहानपणापासून रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, म्हटलेला णमोकार त्या तासाला फळ्यावर आला होता. 'णमो अरिहंताणं.' आजोबांनी हे शब्द हजारो वेळा उच्चारले होते, ओलेत्याने, थंडीत कुडकुडत, गंधाच्या आणि ओल्या दगडाच्या वासात. तो मंत्र होता. मंत्राला अर्थ असतो, एवढे माहीत होते. पण त्याला व्याकरण असते, 'अरिहंताणं' हे षष्ठीचे बहुवचन आहे, प्राकृतात चतुर्थी जवळजवळ लोपली आणि नमस्कार कुणाला हे सांगण्याचे तिचे काम षष्ठीने उचलले, 'लोए' म्हणजे लोकात ही सप्तमी आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. "देवाचं बोलणं आणि माणसाचं बोलणं एकच आहे असं वाटलं," असे ते म्हणत. मग 'कम्म' म्हणजे काम, 'हत्थ' म्हणजे हात, 'अज्ज' म्हणजे आज, 'सत्त' आणि 'अट्ठ' म्हणजे सात आणि आठ, हे एकेक सापडत गेले. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांनी आपल्या निरक्षर आईला सांगितले की तू स्वयंपाकघरात जे बोलतेस ते या पोथीच्या भाषेच्या नात्यातले आहे. पणजीने त्यावर काय म्हटले ते त्यांना आठवत नसे. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले, एवढेच आठवत असे. हा प्रसंग मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकला, आणि दर वेळी त्यांचा आवाज त्याच एका जागी, 'लोए'पाशी, थोडा थांबे.

त्यांची अर्धमागधीची वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याची, कडा पिवळ्या पडलेली, बोरूसारख्या टोकाच्या टाकाने लिहिलेली. पहिल्या पानावर त्यांचे नाव, त्याखाली वळणदार अक्षरांत 'राजाराम कॉलेज, करवीर', आणि त्याखाली साल. मधल्या काही पानांवर धोब्याचा हिशेब आहे. एका समासात 'घरून पैसे आले नाहीत' एवढेच वाक्य आहे आणि लगेच खाली विभक्तीचा तक्ता पुढे चालू आहे. आजोबा पुढे प्राकृताचे अभ्यासक झाले नाहीत. ते बी.ए. झाले, माध्यमिक शिक्षक झाले, तीस वर्षे मुलांना मराठी शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या वर्गातल्या मुलांना 'आग' हा शब्द 'अग्गि'पासून कसा आला हे ठाऊक असे. महाविद्यालयाच्या इतिहासात याची नोंद कुठे होणार? थोर विद्यार्थ्यांच्या यादीत यशवंतराव येतात, बी. डी. जत्ती येतात, गोखले तर येतातच, आणि ते यावेत. पण शंभर मुलांतला एक मोठा होऊन गेला आणि उरलेले नव्व्याण्णव आपापल्या तालुक्याला परतले, त्यांनी शाळा चालवल्या, सोसायट्यांचे हिशेब नीट ठेवले, घरात पुस्तके आणली. सरकारी महाविद्यालयाचे खरे काम मला तरी या परतलेल्यांत दिसते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराचे महाविद्यालय सरकारचे झाले. आजोबांच्या बोलण्यात त्या विलीनीकरणाविषयी एक संमिश्र भाव असे. लोकशाही आल्याचा आनंद खरा होता, आणि आपल्या गावाची एक गोष्ट आता मुंबईच्या फायलीत गेली, ही चुटपुटही खरी होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ते स्थापन झाले ते यशवंतराव राजारामचे विद्यार्थी, आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे राजारामचे प्राचार्य राहिलेले. डॉ. बाळकृष्णांचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी त्यांच्याच महाविद्यालयातल्या माणसांनी खरे केले. मात्र ते खरे झाले आणि आईच्या घरापेक्षा लेकीचे घर मोठे झाले. माळावर विद्यापीठ विस्तारत गेले, शहरात आणि तालुक्यातालुक्यांत नवी महाविद्यालये निघाली, आणि आजोबांच्या काळी ज्याला नुसते 'कॉलेज' म्हणणे पुरे होते, त्याला ओळखण्यासाठी विशेषणे लागू लागली. आज रिक्षात बसून राजाराम कॉलेज म्हटले तर "युनिव्हर्सिटीजवळचं ना?" असा प्रश्न येतो. मला पूर्वी त्याचे वाईट वाटे. आता तितकेसे वाटत नाही. मुलीच्या नावाने ओळखले जाणे आपल्याकडच्या कित्येक आयांच्या वाट्याला येते, आणि त्यांतल्या बहुतेकींना त्याचा आनंदच असतो.

मी तिथे शिकले तेव्हा महाविद्यालय भवानी मंडपातून सागरमाळाच्या बाजूला येऊन बराच काळ लोटला होता. माझ्या आठवणीत वारा आहे. माळावरचा, जुलैतला, छत्री उलटी करणारा आणि पावसाचे थेंब वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आणणारा वारा. केएमटीच्या बसमध्ये ओल्या रेनकोटांचा वास, पायांशी साचलेले पाणी, आणि पंचगंगेचे पाणी कुठल्या पायरीला लागले याची चर्चा. माझ्या वर्गात गगनबावड्याची एक मुलगी होती. रस्ता पाण्याखाली गेला की तिला घरी जाता येत नसे, आणि मग ती आठवडाभर आमच्याकडे राही. रात्री ती आजोबांजवळ बसून अभ्यास करी. आजोबा तिला विचारत, "आज कॉलेजात काय झालं?" माझ्याकडे वळून विचारत नसत. मी घरचीच होते. ती लांबून आलेली होती, ट्रंक घेऊन, त्यांच्यासारखी. त्या वेळी मला त्याचा किंचित राग येत असे, हे कबूल केले पाहिजे.

मागच्या आठवड्यात मी भवानी मंडपात गेले. पाऊस थांबला होता आणि मेन राजारामच्या भिंती ओल्या, जवळजवळ निळ्या दिसत होत्या. यात्रेकरूंची गर्दी, खेळणी विकणाऱ्यांच्या शिट्ट्या, चपलांच्या दुकानांतून येणारा कातड्याचा वास. त्या कमानीखाली उभी राहून मी भाचीला फोन लावला. तिचा प्रवेश निश्चित झाला होता आणि ती बसमध्ये होती. मी सांगितले की त्या दिवशीचे माझे उत्तर चुकले, ते राजाराम शाहू महाराजांचे चिरंजीव नव्हेत, शाहू महाराज जन्मण्याच्याही आधीचे आहेत. ते युरोपला गेले होते, रोज काय पाहिले ते लिहून ठेवीत होते, आणि परत येताना वाटेतच गेले.

"किती वर्षांचे होते?" तिने विचारले.

"वीस."

पलीकडे कंडक्टरची घंटा दोनदा वाजली. बस सुटल्याचा आवाज आला. "म्हणजे टी. वाय.च्या पोराएवढेच की," ती म्हणाली, आणि थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.